विज्ञानकथाकाराची मुलाखत दाखवावी, की कथाच हातात द्यावी?

कुळागरी, फोंडा:
आमच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी आठवी-नववीची पंधरा-वीस पोरं जमतात. जूनपासून पटांगणात चिखल, म्हणून मी प्रोजेक्टर आणून भिंतीवर व्हिडिओ लावायला लागलो. परवा समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "हे वाचनालय की सिनेमाघर?" तिथे गप्प बसलो, इथे बोलतो. विज्ञानकथाकारांच्या मुलाखती आणि चांगले विज्ञान-व्हिडिओ मुलांना आवर्जून दाखवावेत. कथा वाचण्याआधी दाखवले तरी काही बिघडत नाही.

सुरुवात इंग्लिश विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कपासून करा. बीबीसीच्या 'होरायझन' या विज्ञान-कार्यक्रमात तो १९६४ साली बोललाय, कृष्णधवल चित्रण आहे. पन्नासेक वर्षांत माणूस लंडनचं काम ताहिती नाहीतर बालीत बसून करील, एडिंबरातला सर्जन न्यूझीलंडमधल्या रोग्यावर शस्त्रक्रिया करील, असं म्हणतो. आमच्यातली एक मुलगी पटकन म्हणाली, "आसगावात ते लॅपटॉपवाले राहतात तसं?" तसंच, बाय! लांबची नोकरी लॅपटॉपवर करणारे येऊन राहिले, म्हणून तर आमच्या गोव्यातल्या आसगावची घरभाडी चढली. आणि हाच माणूस पुढे सांगतो की माकडांच्या जातीला शिकवून घरकामाला ठेवता येईल, फक्त नंतर ती युनियन काढतील. पोरं पोट धरधरून हसली. एवढ्या हुशार माणसाचा एक अंदाज बसला नि दुसरा साफ फसला, हे त्यांना पाच मिनिटांत कळलं.

मग भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनची १९८३ ची बीबीसी मुलाखत. त्यात तो विचारतो, झाडाचं लाकूड येतं कुठून? जमिनीतून नव्हे, हवेतून. आणि आपले जयंत विष्णु नारळीकर. त्यांची मराठी भाषणं, मुलाखती भरपूर सापडतात. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. हा किस्सा ऐकून दोन पोरांनी त्यांचं पुस्तक मागून नेलं. दोनच, पण नेलं.

टीचर, डिचोली:
कुळागरीबाब, दोघांनी पुस्तक नेलं आणि अठरा पोरं तशीच घरी गेली, ते पण लिहा की! मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलाखत आधी ऐकवली की कथेचा अर्थ लेखकाच्याच तोंडून कळतो, मग पोरगं स्वतः कशाला डोकं घालील? नारळीकरांनी नाव का लपवलं? परीक्षकांनी नाव न बघता कथा वाचावी म्हणूनच ना? तुम्ही नेमकं उलट करताय, आधी माणूस दाखवताय.

व्हिडिओंचं तर बोलूच नका. डेरेक मुलर म्हणून आहे, स्वतः व्हेरिटासियम नावाचं मोठं विज्ञान-चॅनेल चालवतो. विज्ञानाचे व्हिडिओ बघून मुलं किती शिकतात, याच विषयावर त्याने सिडनी विद्यापीठात पीएचडी केली, २००८ साली. सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ पाहून विद्यार्थी म्हणाले, छान, सगळं कळलं. चाचणीत गुण होते तिथेच. फक्त आत्मविश्वास वाढलेला.

सत्तरीकर:
दोघांचंही बरोबर असेल, पण आमच्या गावात पाऊस पडला की वीज जाते आणि विजेमागून रेंज. त्यात हे क्लार्क, फाइनमन सगळे इंग्रजीत. मराठी प्राथमिकमधून आलेल्या पोराने खालची पट्टी वाचायची की चित्र बघायचं? त्यापेक्षा टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचे व्हिडिओ लावा. मराठीतही आहेत, दोन-चार मिनिटांचे, आणि बघून झाले की स्ट्रॉ, काडेपेटी घेऊन ते खेळणं करायचंच असतं.

पणजीतला:
व्हिडिओ कशाला, दुर्बीण लावा. एकदा शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे पोरांना. (आता पावसात काय दिसणार म्हणा.)

अनामिक:
मराठी, इंग्रजी झालं. कोकणी?

सत्तरीकर:
अनामिक, तो धागा वेगळा काढा, दोनशे प्रतिसाद नक्की.

कुळागरी, फोंडा:
टीचर, मुलरचं अर्धंच सांगितलंत. त्याच प्रयोगात दुसऱ्या व्हिडिओत आधी मुलांच्या चुकीच्या समजुती मांडल्या आणि मग खोडल्या. तो मुलांना गोंधळाचा वाटला, पण शिकली ती त्यातूनच. म्हणजे दोष व्हिडिओचा नाही, गुळगुळीत व्हिडिओचा.

आणि आमच्याकडे तसंच झालं. लाकूड हवेतून येतं म्हटल्यावर एक पोरगा उठला. "मग माझा आजा माडाला खत नि मीठ कशाला घालतो?" मी व्हिडिओ थांबवला. माडाच्या वजनाचा मोठा भाग कार्बन आणि ऑक्सिजनचा, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हायड्रोजन पाण्यातून. खतातलं नत्र, स्फुरद, पालाश लागतं थोडंच, पण त्यावाचून माड वाढत नाही. एवढं सांगेपर्यंत अर्धा तास गेला. मिठाचं मला नीट सांगता आलं नाही, तसं कबूल केलं.

टीचर, डिचोली:
हे आवडलं. पण मग शिकवलं कुणी? फाइनमनने की त्या आज्याने? प्रश्न पोराचा, उत्तर तुमचं, व्हिडिओ तर बंद होता. तुमच्याजागी मोबाईल असता तर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला असता आणि माड तिथेच राहिला असता. पोरं घरी एकटीच बघतात, तिथे थांबवणार कोण? तुमची यादी मी माझ्या भाचीला पाठवणार नाही.

कुळागरी, फोंडा:
नका पाठवू. येत्या शनिवारी तिला घेऊन फोंड्याला या. फाइनमनच्या त्याच मुलाखतीतला रबराचा प्रयोग करणार आहोत. भाजीच्या जुडीचं रुंद रबर ओठांना लावून झटकन ताणायचं, गरम लागतं. सैल सोडलं की गार. व्हिडिओ नंतर. आधी कारण पोरांनी सांगायचं.

टीचर, डिचोली:
रबर मी आणते. आणि नारळीकरांची एक कथाही, मुलाखतीशिवाय.