दोन दिवस, दोन गावं: ऑर्केस्ट्राच्या सामानाचं नियोजन

प्रश्न (ढोलकी_चिपळूण): शनिवारी सातारा, रविवारी चिपळूण. ११ माणसं, एक टेम्पो. सामान कोणत्या क्रमाने भरायचं? आणि जनरेटरवर कीबोर्डचे ॲडॅप्टर का जळतात?

साउंडवाला: बहुतेक वेळा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) ढिला असतो. थ्री-फेजमध्ये (तीन फेज वायरी आणि एकच न्यूट्रल) न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवर ३०० व्होल्टच्या वर जातं, ॲडॅप्टर गेलाच म्हणून समजा. काहीही लावण्याआधी मीटरने फेज-न्यूट्रल बघा, २२० ते २४० हवं. लाइट चालू करून पुन्हा बघा, कारण लोड आल्यावरच खरा प्रकार कळतो. लाइट आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर ठेवा, नाहीतर डिमरची (लाइट कमी-जास्त करणारं यंत्र) गुणगुण स्पीकरमध्ये येते. अर्थिंगची पिन मोडून हम (स्पीकरमधली गुणगुण) घालवणारे महाभाग असतात. त्यांना वायरला हात लावू देऊ नका.

टेम्पो_मास्तर: आधी लागणारं शेवटी भरा. बेसचे जड स्पीकर केबिनला टेकवून, मग टॉप (वरचे स्पीकर), मग ड्रम. दाराशी मल्टिकोर (स्टेज ते मिक्सरची जाड केबल), स्टँड आणि केबलची पेटी. पट्टे कोयनानगरला पुन्हा आवळा, पुढे कुंभार्ली घाट आहे. ढोलकी गाडीत माणसांसोबत. कोकणातल्या दमट हवेत ढोलकीचं पान (कातडं) उतरतं, तासभर आधी बाहेर काढा.

साउंडवाला: आणि परवानगी! उघड्यावर स्पीकर रात्री १० पर्यंतच. आयोजक ‘आम्ही बघतो’ म्हणाले तरी पोलिसांच्या पत्राचा फोटो निघण्याआधी मागवा.