पाठीवर खपल्या आणि आयाळही विरळ: घोडीला नेमकं काय झालंय?

मावळची_टाप
वरातीची घोडी आहे, सात वर्षांची, वजन अंदाजे ३०० किलो. श्रावणापासून पाठीवर आणि पुठ्ठ्यावर बारीक बारीक खपल्या धरल्यात. खपली ओढली की केसांचा झुपकाच हातात येतो आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसते. खाजवत नाही, पण खरारा लावला की अंग चोरते. शिवाय आयाळ आणि शेपटीचे लांब केस गळतायत. तिथे मात्र ना खपली ना खाज. दिवसभर बाहेर बांधलेली असते, रात्री पत्र्याच्या शेडमध्ये. खाणं: कडबा, ओलं गवत, बांधावरची सुबाभूळ, संध्याकाळी भिजवलेला हरभरा. गावात कुणी जळकं ऑइल चोपडा म्हणतंय, कुणी गुरांचं गोचिडाचं औषध फवारा म्हणतंय. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतील, तोवर काय करता येईल?

खरारा
आधी काय करायचं नाही ते. गोचिडाच्या औषधाच्या बाटलीवर अमिट्राझ लिहिलं असेल तर ते घोड्याच्या अंगावर थेंबभरही नको. गुरांना चालतं, पण घोड्याची आतडी त्याने मंदावतात, लीद अडते आणि जीवघेणा पोटशूळ होतो. जळक्या ऑइलने कातडी भाजते, आणि खपलीखाली ओल कोंडली की जंतूला हवं तेच मिळतं. तूप, खोबरेल, व्हॅसलीनचे जाड थरही त्याच कारणाने नकोत.

पाठीचं वर्णन डर्माटोफिलस या जिवाणूच्या संसर्गाशी जुळतं. पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथेच तो धरतो. कातडी सतत भिजून मऊ पडली, त्यात माशी चावली किंवा खरचटलं, की आत शिरतो.

उपाय औषधापेक्षा कोरडेपणाचा जास्त आहे. घोडी शेडमध्ये घ्या, खालची जमीन कोरडी ठेवा, पाठीवर झूल किंवा प्लॅस्टिक टाकू नका. केस दाट असतील तर त्या भागापुरते कापा. मग क्लोरहेक्सिडीनचं २ ते ४ टक्क्यांचं द्रावण ओल्या पाठीवर चोळून १० मिनिटं राहू द्या. घाई होते ती इथेच. लगेच पाणी ओतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. डोळ्यांत अजिबात जाऊ देऊ नका. त्याआधी अंगाच्या साबणाने धुऊ नका, साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडीन निकामी होतं. ते मिळालं नाही तर १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, एका भागाला नऊ भाग पाणी.

मऊ झालेल्या खपल्या हाताने अलगद निघतील तेवढ्याच काढा. कोरड्या ओढू नका, दुखतं म्हणूनच ती अंग चोरते. काढलेल्या खपल्या शेडमध्ये टाकू नका, त्यात जंतू टिकून राहतो. गोळा करून जाळा. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन टॉवेलने पूर्ण कोरडं करा. हे ५ ते ७ दिवस रोज, मग बरं होईपर्यंत आठवड्यातून दोनदा. ताप आला, पाय सुजले किंवा आठवड्यात काहीच फरक नाही दिसला तर पशुवैद्यक लागणारच. या जंतूवर पेनिसिलिन चालतं, पण डोस त्यांनीच ठरवायचा.

पागेतला
वरचं बरोबर, पण गजकर्ण नाही ना याची खात्री करून घ्या. गजकर्णात गोल चट्टे पडतात, केस मुळाशी तुटतात, वर राखाडी कोंडा असतो, आणि बहुतेकदा जीन नि तंग घासतात तिथे सुरुवात होते. दवाखान्यात खपली आणि चट्ट्याच्या कडेचे उपटलेले केस कागदी पाकिटात न्या. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून भलतीच बुरशी वाढते. डर्माटोफिलस असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली रेल्वेच्या रुळांसारख्या जोडओळी दिसतात. शिरवळ किंवा परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडत असेल तर तिथे विचारा.

दोन्ही रोग खराऱ्यावरून आणि जिनावरून दुसऱ्या घोड्याला जातात, माणसालाही होतात. हातमोजे घाला, या घोडीचा खरारा वेगळा ठेवा.

आणि एक वेगळी धोक्याची खूण: पायावर किंवा पोटाखाली ओळीने गाठी येऊन फुटत असतील, मधासारखा चिकट पू येत असेल, तर हात लावू नका. तो ग्लँडर्स असू शकतो. माणसालाही होतो, सरकारला कळवणं बंधनकारक आहे, तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

चारापाणी
आयाळीचं कोडं तुमच्या चाऱ्यातच आहे. सुबाभळीत मिमोसीन असतं, कोवळ्या पाल्यात आणि बियांत सगळ्यात जास्त, आणि ते केसांच्या मुळांवर घाव घालतं. शेळ्या-गुरांच्या रवंथाच्या पोटात ते विष मोडणारे जिवाणू असू शकतात, म्हणून बांधावर त्यांना चालतं ते घोड्याला चालत नाही. खाज नसताना आयाळ-शेपूट विरळ होतंय म्हणजे पहिला संशय तिच्यावरच. खुरांवर आडव्या वळ्या आल्यात का बघा, त्याही याच विषाने येतात.

सुबाभूळ पूर्ण बंद. त्याऐवजी लसूणघास, आणि रोज ५० ते १०० ग्रॅम जवस. ते ताजं दळून द्या, किंवा पाणी आधी उकळून त्यात घालून शिजवा. कोमट पाण्यात भिजत ठेवू नका, त्यातून सायनाइड सुटतं.

खाज असती तर चिलटांकडे बोट दाखवलं असतं. मग घोडी मान नि शेपटी खांबाला घासून घासून केस तोडते.

मावळची_टाप
खाज खरंच नाही. सुबाभूळ आजपासून बंद. थोडी मिसळून दिली तर? आणि खोगीर कधी घालायचं?

चारापाणी
थोडीसुद्धा नको. दुसरा चारा आहे तर धोका कशाला? गळती थांबली तरी आयाळ पूर्ण लांबीला यायला वर्षाहून जास्त लागतं, वरातीत गोंडे लावून झाका.

खरारा
खोगीर मात्र पाठीवर एकही खपली उरली नाही, कातडी कोरडी आहे आणि बोट दाबल्यावर ती अंग चोरत नाही, असं झाल्यावरच. त्याआधी घातलं तर घाम नि घर्षणाने सगळं पुन्हा पहिल्यापासून. खोगिराखालचं कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. नुसतं बाहेर झटकून पुन्हा घातलं तर त्यातल्या खपल्यांतून आजार परत येतो.