२०१० च्या भूकंपांचा तक्ता: ७ ला लाखावर माणसं गेली, ८.८ ला पाचशे. हे कसं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला भूगोल शिकवते. प्रकल्पासाठी मुलांना गटागटाने एकेक वर्ष वाटून दिलं होतं. त्या वर्षातले जगातले मोठे भूकंप शोधायचे आणि तारीख, ठिकाण, रिश्टर, मृत्यू असे चार रकाने भरायचे. २०१० ज्या गटाला आलं त्यातली एक मुलगी काल वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, "मॅडम, आमचे रकाने उलटसुलट झालेत."

तिचा तक्ता जसाच्या तसा:

१२ जानेवारी, हैती, ७.०, मृत्यू ३,१६,०००
२७ फेब्रुवारी, चिली, ८.८, मृत्यू ५२५
१४ एप्रिल, चीन (युशू), ६.९, मृत्यू २,६९८
४ सप्टेंबर, न्यूझीलंड (क्राइस्टचर्च), ७.१, मृत्यू ०
२५ ऑक्टोबर, इंडोनेशिया (मेंतावाई बेटं), ७.८, मृत्यू ४०० हून जास्त

मी पटकन म्हणून गेले की लोकसंख्येमुळे असेल. ती म्हणे, "क्राइस्टचर्चलाबी पावणेचार लाख लोक होते की, मॅडम." आता काय सांगायचं? आमच्या भागात हा विषय पुस्तकातला नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी १९९३ च्या किल्लारीत गेलेल्या कुणाचा तरी फोटो भिंतीवर आहे. तो भूकंप ६.२ चा, म्हणजे या सगळ्यांपेक्षा लहान, आणि माणसं जवळपास दहा हजार गेली. उद्या ती पोर परत विचारणार. जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं.

राहूकाळ

ताई, २०१० सालच वेगळं होतं. हैतीचा भूकंप १२ जानेवारीला आणि कंकणाकृती सूर्यग्रहण १५ जानेवारीला. आपल्याकडे लोक ते बघायला कन्याकुमारीला गेले होते. चिलीच्या वेळी पौर्णिमा एका दिवसावर होती. बघा जुळतंय का.

बारा_एमएम

राहूकाळ, हैतीला आधी भूकंप झाला आणि तीन दिवसांनी ग्रहण लागलं. म्हणजे भूकंपामुळे ग्रहण लागलं म्हणायचं का? असो.

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचे रकाने उलटसुलट नाहीत, कमी आहेत.

मी मूळचा पाटणचा. काम आरसीसी डिझाइनचं, आणि २००८ पासून क्राइस्टचर्चला आहे. तक्त्यात ते शून्य आहे ना, त्या शून्यात मी होतो.

४ सप्टेंबर, शनिवार, पहाटेचे ४ वाजून ३५ मिनिटं. आधी आवाज आला, घाटात मागून लोड गाडी यावी तसा, आणि मग पलंग चालायला लागला. चालायलाच, कारण सकाळी बघितलं तर तो भिंतीपासून हातभर सरकलेला होता. आई १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातून वाचलेली, त्यामुळे लहानपणापासून एकच शिकवण: हललं की बाहेर. इथे नोकरीला लागताना शिकवलेलं बरोबर उलटं: हललं की खाली बसा, टेबलाखाली शिरा. प्रत्यक्षात मी दोन्ही केलं नाही. पॅसेजमध्ये दोन्ही हात भिंतींना लावून उभा राहिलो, जणू घर मीच धरून ठेवलं होतं.

घराला काही झालं नाही. लाकडी सांगाडा, बाहेरून फळ्या, वर पत्रा. असं घर करकरतं, वाकतं आणि परत सरळ होतं. पडलं ते फक्त विटांचं धुराडं. ते बाहेरच्या बाजूला पडलं आणि आमच्या गाडीच्या बॉनेटचा चुरा झाला. आतल्या बाजूला मुलीची खोली होती. त्या दिवशी शहरात अशी हजारो धुराडी पडली.

उजाडल्यावर बघतो तर अंगणातल्या हिरवळीतून राखाडी गाळ वर येतोय, जागोजागी वारुळासारखे छोटे शंकू आणि त्यांच्या तोंडातून बुडबुडे. स्लॅबच्या ओल्या मालात व्हायब्रेटर घातला की पाणी कसं वर येतं, तसंच. जमिनीखालच्या पाण्याने भरलेल्या बारीक वाळूला हादरा बसला की कण एकमेकांना सोडतात आणि जमीन काही वेळ पातळ होते. पुढच्या आठवड्यात विद्यापीठातली पोरं फावडी आणि ढकलगाड्या घेऊन गल्लोगल्ली गाळ उपसत फिरली.

बरोबर आठवड्याने, ११ तारखेला, गणपती होते. मूर्ती रजईत गुंडाळून खोक्यात ठेवलेली होती म्हणून वाचली. मखर टेबलावर न करता जमिनीवर पाट मांडला. समई लावलीच नाही, कारण आरतीच्या मध्येच धक्के यायचे आणि मंडळी टाळ्या वाजवायची थांबून छताकडे बघायची.

आता ते शून्य. त्याचं श्रेय इथल्या बांधकाम नियमांना आहेच, पण सगळं नाही. मी सोमवारी पाहणीला शहरात गेलो. कोलंबो स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या दुकानांचे कठडे फुटपाथवर कोसळले होते, ढीग माझ्या मांडीपर्यंत. शनिवारी पहाटे तिथे चिटपाखरू नव्हतं. पाचच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला, ६.२ चा झाला. आकड्याने कितीतरी लहान. पण सप्टेंबरचा केंद्रबिंदू शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर होता, आणि हा दहा किलोमीटरवर, उथळ. मंगळवार, दुपारचे १२:५१, जेवणाची सुट्टी. तसलेच कठडे माणसांवर आणि एका बसवर पडले. सहा मजल्यांची एक इमारत पत्त्यांसारखी बसली, तिच्यात ११५ माणसं गेली. एकूण १८५. सप्टेंबरनंतर त्या इमारतीच्या दारावर 'वापरायला हरकत नाही' असा हिरवा कागद लागला होता. असे कागद त्या काळात मीही लावले आहेत. त्यातलं कुठलं घर पडलं नाही, पण तो हिरवा रंग अजून डोळ्यांना खुपतो.

तेव्हा तिला पहिला जादा रकाना सांगा: वेळ. दुसरा: शहरापासून किती लांब आणि किती खोल. खोलीचं एक उदाहरण तिच्या तक्त्यातून सुटलंय. त्याच वर्षी २४ जुलैच्या सकाळी फिलिपीन्सच्या मोरो आखाताखाली सव्वा तासाच्या आत ७ च्या वरचे तीन भूकंप झाले. जवळपास ६०० किलोमीटर खोल. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून कुणाच्या लक्षात नाही.

हैतीचं केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून २५ किलोमीटरवर आणि खोली फक्त १३. चिलीचं समुद्रात, ३५ किलोमीटर खोल, कन्सेप्सियोन शहरापासून शंभरेक किलोमीटरवर. तरी ८.८ म्हणजे ७ च्या पाचशे पट ऊर्जा हो. अडीच-तीन मिनिटं जमीन हलत होती आणि अख्खं कन्सेप्सियोन शहर तीन मीटर पश्चिमेला सरकलं. (आणि मॅडम, 'रिश्टर' खोडून 'मॅग्निट्यूड' लिहायला सांगा. रिश्टरची मोजपट्टी एवढ्या मोठ्या भूकंपांना पुरत नाही.)

खरा रकाना तिसरा: भिंत कशाची आणि डोक्यावर काय. हैतीत दरवर्षी वादळं. २००८ मध्ये तर लागोपाठ चार येऊन गेली. पत्रा उडतो, म्हणून ज्याला परवडेल तो जड काँक्रीटचा स्लॅब टाकतो. वादळासाठी शहाणपणाचंच. पण खाली काय? पोकळ ब्लॉकच्या भिंती, काठीएवढे कॉलम, त्यात बिनपिळाच्या गुळगुळीत सळया, सळया बांधणाऱ्या रिंगा लांब लांब, सिमेंट कमी. बांधकामाचा नियम म्हणून पाळला जाणारा असा काही नव्हताच. त्या भागात मोठा भूकंप आधी झाला होता १७७० साली, मग कोण कशाला घाबरेल? २००८ च्या नोव्हेंबरात तिथे पेत्योंव्हिलमध्ये एक शाळा कोसळली, नव्वदच्या वर जीव गेले. त्या दिवशी भूकंप झालाही नव्हता. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा, मोठं चर्च, संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय, सगळं बसलं. मृतांचा ३,१६,००० हा तिथल्या सरकारचा आकडा. बाकीचे अंदाज लाखापर्यंत खाली येतात. मोजायला ज्यांनी बसायचं ती कचेरीच ढिगाऱ्यात.

चिलीकडे १९६० चा ९.५ होता, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा. तिथली माणसं भूकंप धरूनच घर बांधतात. उंच इमारतीतही कॉलमच्या जोडीला काँक्रीटच्या अखंड भिंती भरपूर. शिवाय कायदा असा की इमारतीचा पहिला मालक, म्हणजे आपल्याकडचा बिल्डर, सांगाड्यातल्या दोषाला दहा वर्षं जबाबदार. तरी कन्सेप्सियोनची पंधरा मजली, नवी कोरी आल्तो रिओ इमारत पाठीवर आडवी झाली आणि आठ जण गेले. चिलीत ती बातमी झाली, कारण तशी ती एकच होती.

युशू मला किल्लारीचं भावंड वाटतं. तिबेटच्या पठारावरचं गाव, ३,७०० मीटर उंचीवर, सकाळचे पावणेआठ, माती आणि लाकडाची घरं.

तांडेल

बारा_एमएम यांनी कोरड्यावरचं सांगितलं, मी ओल्यातलं सांगतो. मी दाभोळचा, मालवाहू जहाजावर होतो. त्याच वर्षी सहा-सात महिन्यांनी आमचं जहाज चिलीत तालकावानोजवळच्या बंदराला लागलं. तेव्हाही गावात मच्छीमार बोट रस्त्याकडेला आडवी पडलेली, पोटाला भोक, आणि तिच्या सावलीत एक म्हातारा जाळं विणत बसलेला.

चिलीतल्या त्या ५२५ पैकी दीडशेच्या आसपास त्सुनामीने गेले. नौदलाच्या खात्याने इशारा दिला आणि चुकून मागेही घेतला. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी रेडिओची वाट बघितलीच नाही. हललं की टेकडीवर, हे आजीकडून आलेलं. जास्त करून सापडले ते पाहुणे. कॉन्स्तितुसियोनला नदीच्या मुखात ओरेगो नावाचं बेट आहे, तिथे उन्हाळा संपतानाच्या जत्रेला लोक तंबू ठोकून राहिले होते. रात्री साडेतीनला होडी कुठून मिळणार?

मेंतावाईचं उलटं. तिथे हादरा जोराचा लागलाच नाही. भूकंप ७.८ चा, पण संथ. जमीन हळूहळू डोलली, घरं पडली नाहीत, म्हणून लोक परत झोपले. पाण्याला मात्र तेवढाच धक्का बसला होता. काही मिनिटांत लाट आली. तेव्हा मॅडम, तुमच्या तक्त्याला 'किती वेळ हललं' हाही रकाना पाहिजे. आमच्याकडे सांगतात, थोडं पण लांब हललं तर दर्याकडे पाठ कर.

राहूकाळ

ग्रहणाचं मागे घेतो. पण एक शंका खरी आहे. कोयना पहाटे, किल्लारी पहाटे, चिली, क्राइस्टचर्च पहाटे. पहाटेच का येतात?

बारा_एमएम

नाही येत हो. हैती संध्याकाळी पाचच्या आत, युशू सकाळी, क्राइस्टचर्चचा दुसरा भर दुपारी. पहाटेचे आपल्याला आठवतात कारण आपल्याकडची दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली. तोच पहाटेचा सुमार आमच्या रस्त्यांवर वरदान ठरला. घर कसलं आहे त्यावर आहे.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. आज वर्गात वाचून दाखवलं, व्हायब्रेटरचं सोडून, ते मलाच नीट समजलं नाही. बादलीत वाळू आणि पाणी घेऊन बुडाला ठोसे मारले, तेव्हा वर ठेवलेली वीट खरंच तिरकी होऊन बुडाली. पोरं खूश.

त्या मुलीने पट्टी घेऊन चार रकाने वाढवले: वेळ, अंतर-खोली, भिंत-छप्पर, किती वेळ हललं. मग खाली एक ओळ मोकळी सोडून स्वतःच्या घराचं नाव लिहिलं आणि विचारलं, "मॅडम, इथं काय भरू?" पुढच्या दोन खोल्या १९९३ नंतरच्या, पत्र्याच्या. मागे आजीची जुनी खोली, दोन हात रुंद दगडाची भिंत, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकतात. आजी तिथेच झोपते, गार लागतं म्हणून.

बारा_एमएम

फोटो टाका मॅडम. भिंतीचा मधला नको, कोपऱ्याचा, जिथे दोन भिंती भेटतात तिथला, आतून आणि बाहेरून. दोन हात रुंद भिंत बहुतेक वेळा एक नसतेच. बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये माती आणि दगडाच्या कपऱ्या. आरपार जाणारे दगड नसतील तर हादऱ्यात पोट फुगून थर सुटतात आणि वरचं माळवद सरळ खाली येतं. किल्लारीनंतर दुरुस्तीत लोकांनी भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात सळई टाकून काँक्रीट भरलं होतं, तसं करता येतं. खर्च फार नाही, गवंडी मात्र समजूतदार हवा, भसाभस फोडणारा नको.

आणि माळवदावर यंदाची माती चढवायची राहिली असेल तर तूर्त थांबा. आधी आहे ती किती जाड झाली ते काठी खुपसून मोजा. दरवर्षीची चार बोटं धरली तरी तीस वर्षांत किती होतात, ते तिलाच करू द्या.

खडूफळा

पावसाने थोडी वाहून जाते ना. ती म्हणतेय वजाबाकीसकट करते. रविवारी फोटो टाकते.