होमपेजवर कुणी येतच नाही, मग ते नव्याने करायचं कशाला?

शाईपेन
पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाची वेबसाइट मी सांभाळते. मालकांना दिवाळीच्या आत नवं होमपेज हवंय. मी वर्षभराचे आकडे काढले, तर दहातले आठ जण होमपेज बघतच नाहीत. कुणी गूगलवर पुस्तकाचं नाव टाकून थेट पुस्तकाच्या पानावर उतरतं, कुणी व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून. २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचा अंतर्गत अहवाल फुटला होता. होमपेजवर येणारे वाचक दोन वर्षांत निम्म्यावर आले, असं त्यात त्यांनीच लिहिलं होतं. माझं म्हणणं, होमपेजला हात लावू नका आणि तो पैसा पुस्तकाच्या पानावर घाला. आमच्याकडे पुस्तकाची आतली दोन पानंसुद्धा चाळता येत नाहीत आणि टपालखर्च किती ते पैसे भरतानाच कळतं. गिऱ्हाईक जिथे उभं आहे तिथलं आधी नीट करायला नको का?

उंबरठा
अजिबात पटलं नाही. त्या अहवालानंतर टाइम्सने होमपेज वाऱ्यावर सोडलं नाही, आजही तिथे संपादक बसून बातम्या लावतात. किती आले यापेक्षा कोण आले ते बघा. गूगलवरून आलेला एक पुस्तक घेतो आणि जातो, प्रकाशनाचं नावही त्याच्या लक्षात राहत नाही. तुमचं नाव टाइप करून येतो तो हक्काचा वाचक, नाहीतर हस्तलिखित कुठे पाठवायचं ते शोधणारा लेखक. पन्नास प्रती मागवणारा ग्रंथपाल तुमच्या तक्त्यात एकच भेट म्हणून दिसणार.

रहाट
दोघांनीही आकडे नीट तपासून घ्या. साइटवरच्या भेटी मोजणारं जुनं गूगल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ ला थांबलं आणि सगळ्यांना त्याच्या नव्या आवृत्तीवर, जीए४ वर, यावं लागलं. तिच्यात ‘बाउन्स’चा अर्थच वेगळा आहे. आधी एकच पान बघून गेलेला माणूस बाउन्स धरला जायचा. आता तो दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला तरी बाउन्समधून सुटतो. त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करून ‘सुधारणा झाली’ म्हणू नका. व्हॉट्सॲपच्या लिंकला टॅग, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी खूण, नसेल तर ती भेट बहुतेक वेळा ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे थेट पत्ता टाइप करून आलेल्यांच्या रकान्यात, पडते, म्हणजे उंबरठा, ‘डायरेक्ट’मधले सगळे हक्काचे वाचक नव्हेत. आणि दिवाळी अंकांच्या महिन्याची तुलना गेल्या दिवाळीशीच करा, जुलैशी नको.

चौकट
मी डिझाइन करतो, तरी शाईपेनच्या बाजूने. नवं करण्यात धोका असतो. मार्क्स अँड स्पेन्सरने २०१४ मध्ये सुमारे १५ कोटी पौंड ओतून नवी साइट आणली. जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करावी लागली आणि पहिल्याच तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली.

उंबरठा
म्हणून बदलायचंच नाही? ओबामांच्या २००८ च्या प्रचारात पहिल्या पानाचे २४ प्रकार लोकांपुढे ठेवून बघितले. चमूला व्हिडिओ आवडला होता, जिंकला फोटो. नोंदणी ८.२६ वरून ११.६ टक्क्यांवर गेली. पहिल्या पानाने फरक पडतो तो असा.

रहाट
त्यांच्याकडे त्या चाचणीला तीन लाखांवर माणसं होती. खरेदीचं प्रमाण दोन टक्क्यांवरून अडीचवर गेलं हे खात्रीने म्हणायला प्रत्येक प्रकारामागे साधारण १४ हजार भेटी लागतात. छोट्या प्रकाशनाला त्या जमवायला किती महिने लागतील? त्यापेक्षा चार वाचकांशेजारी जाऊन बसा.

मी बसलो होतो, दुसऱ्या एका पुस्तकविक्रीच्या साइटसाठी. सत्तरीच्या एक काकू होत्या, रोज वाचणाऱ्या. वरची सरकती चित्रं त्यांनी ‘जाहिरात आहे ती’ म्हणून अंगठ्याने वर ढकलली. शोधपट्टीत लेखिकेचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, कारण फोनवर त्यांचा कीबोर्ड तोच. उत्तर आलं, ‘एकही पुस्तक सापडलं नाही’. त्या लेखिकेची सहा पुस्तकं होती साइटवर. काकू म्हणाल्या, ‘नसेल यांच्याकडे’, आणि फोन खाली ठेवला. ॲनालिटिक्समध्ये ही भेट ‘होमपेज, मग बाहेर’ एवढीच दिसली असती.

शाईपेन
रहाट, तुमचं वाचून आज दुपारी आमच्या शोधपट्टीतले शब्द काढून बघितले. निम्म्याहून जास्त इंग्रजी अक्षरांत आहेत. ते आकडे वर्षभर माझ्यासमोरच होते, मी फक्त भेटी मोजत राहिले. मालकांना सांगणार आहे की दिवाळीपर्यंत शोधपट्टी आणि टपालखर्च, एवढंच. होमपेज नाही.

उंबरठा
शोधपट्टी कराच, ती होमपेजवरच आहे! पण ग्रंथालयाने एकगठ्ठा मागणी नोंदवायची कुठे, सवलत किती, हे तुमच्या पहिल्या पानावर दिसतं का? मालकांशी बोलण्याआधी पाच ग्रंथपालांना फोन करा आणि ते काय म्हणतात ते इथे लिहा.