पावसाळ्यातला ताप: लेप्टोच्या रिपोर्टसाठी थांबायचं का?

फॅमिली डॉक्टर, कुर्ला
जुलै उजाडला की तापाच्या प्रत्येक पेशंटचे प्लेटलेट मोजले जातात आणि कमी दिसले की डेंग्यू ठरवून मोकळे. माझं म्हणणं असं: गेल्या दोन-तीन आठवड्यांत तुंबलेल्या पाण्यातून चालणं झालंय, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, असा पेशंट दिसला की लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांसारख्या प्राण्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा संसर्ग) औषध त्याच दिवशी सुरू करा. आयजीएम, म्हणजे रक्तातली लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, पहिल्या पाच दिवसांत बहुतेकदा निगेटिव्हच येतो. त्या कागदावर विसंबून माणूस घरी राहतो आणि आठवड्याने येतो तेव्हा डोळे पिवळे, लघवी जवळजवळ बंद.

सूक्ष्मजीवतज्ज्ञ, परळ
मला हे पटत नाही. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, लेप्टोवरचं अँटिबायोटिक) दिली की डॉक्टर निर्धास्त होतो आणि मलेरियाची स्लाइड राहून जाते. शिवाय गंभीर लेप्टोत अँटिबायोटिकने मृत्यू कमी होतात याचा पुरावा अजून तोकडा आहे. साओ पाउलोत लवकर आणि रोज डायलिसिस केल्यावर मृत्यू घटलेले दिसले. भर त्यावर द्या. आणि पहिल्या डोसच्या आधी पीसीआरसाठी (रक्तात थेट जंतूचा अंश शोधणारी तपासणी) रक्त काढून ठेवा, मागाहून काढलं तर हाती काही लागत नाही.

आयसीयूत काम करते
डायलिसिसबद्दल सहमत, थांबण्याबद्दल अजिबात नाही. पुरावा तोकडा आहे म्हणून सेफ्ट्रिआक्सोनसारखं अँटिबायोटिक रोखून ठेवायचं? आमच्याकडे येतो त्या पेशंटचं बिलिरुबिन (काविळीचं माप) १५ असतं आणि एसजीपीटी (यकृताच्या इजेचं माप) जेमतेम शंभरीत. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप) चढलेलं, तरी पोटॅशियम कमी. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, डेंग्यूत त्या सहसा घटतात. हे साध्या तपासण्यांत दिसतं, एलायझाची (आयजीएम ज्या पद्धतीने तपासतात ती) गरज नाही. सगळ्यात भीती फुफ्फुसांची. थुंकीत रक्ताची रेघ दिसली की काही तासांत व्हेंटिलेटर लागू शकतो, आणि डेंग्यू समजून आधीच सलाईनच्या बाटल्या चढवलेल्या असल्या तर श्वास आणखी अडकतो.

धारावी
माझा भाऊ डिलिव्हरीचं काम करतो. टाचेला चीर, त्यातच दोन दिवस गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलली. पहिल्या दोन दवाखान्यांत पाण्याचं कुणी विचारलंच नाही. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं मात्र दिली. नंतर कळलं की त्याने किडनीवर आणखी ताण येतो. तुमचा वाद रक्त आधी की गोळी आधी यावर चाललाय. आम्हाला निदान एक प्रश्न तरी विचारा हो!

सूक्ष्मजीवतज्ज्ञ, परळ
भावाच्या बाबतीत झालं ते चूकच. पण घाऊक गोळ्यांना माझा विरोध कायम आहे.

फॅमिली डॉक्टर, कुर्ला
घाऊक कोण म्हणतंय? पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक डॉक्सी घ्यावी, हे महापालिकाच दर पावसाळ्यात सांगते. गरोदर बाई आणि लहान मुलांना अझिथ्रोमायसिन. ताप आलेल्यांचं म्हणाल तर रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. तुमची पीसीआरची नळी भरा, मलेरियाची स्लाइड करा आणि त्याच खुर्चीत पहिला डोस द्या. लघवी कमी झाली किंवा दम लागला तर गोळ्यांवर घरी ठेवू नका, डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी त्याच रात्री पाठवा.