कुंडीतील अनंताची कोवळी पाने पिवळी का पडत आहेत?

गॅलरीतली_बाग (पुणे)

सर्वांना नमस्कार. आमच्या सहाव्या मजल्यावरील पूर्वाभिमुख गॅलरीत १४ इंची प्लास्टिकच्या कुंडीत अनंताचे झुडूप लावलेले आहे. सुरुवातीला त्याची पाने तकतकीत हिरवीगार होती आणि मे महिन्यात फुलेही भरपूर आली. गेल्या हिवाळ्यापासून मात्र शेंड्याकडची नवी पाने पिवळी निघत आहेत. पान पिवळे असले तरी त्यातील शिरा हिरव्याच राहतात, त्यामुळे जवळून पाहिल्यास पानावर हिरव्या रेषांची बारीक जाळी दिसते. खालची जुनी पाने अजून बऱ्यापैकी हिरवी आहेत. कळ्या धरतात, परंतु वाटाण्याएवढ्या झाल्या की देठासकट गळून पडतात.

कुंडी भरून देणाऱ्या माळीदादांनी निचरा चांगला व्हावा म्हणून तळाशी न्हाणीघराच्या दुरुस्तीतून उरलेले, सिमेंट चिकटलेले तुकडे घातले होते आणि त्यावर लाल माती व शेणखत भरले होते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून बाहेर सोडले जाणारे पाणी वाया जाऊ नये, म्हणून ते बादलीत साठवून मी झाडांना घालते. दर महिन्याला मूठभर गांडूळखतही देते. अलीकडे कुंडीच्या काठावर पांढरट थर दिसू लागला आहे. हे खत कमी पडल्याचे लक्षण आहे, की एखादा रोग आहे? खताचे प्रमाण वाढवावे का?

सदाफुली (नाशिक)

ताई, अंड्याची टरफले वाळवून त्यांची पूड करावी आणि केळीच्या सालींबरोबर मातीत मिसळावी. आमच्या जास्वंदीला या उपायाने चांगला बहर आला होता. चुलीची राख मिळाल्यास तीही चिमूटभर घालता येईल.

कृष्णाकाठ (सांगली)

सदाफुली यांचा सल्ला जास्वंदीपुरता कदाचित चालून जाईल, परंतु अनंताला टरफलांची पूड आणि राख कृपया घालू नका. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ चुना आणि राखही अल्कधर्मी असते. तुमच्या कुंडीत याच गोष्टींचा आधीच अतिरेक झालेला दिसतो.

तुम्ही पानाचे वर्णन इतके नेमके केले आहे की निदानासाठी छायाचित्राची गरज पडू नये. नत्र कमी पडले असते, तर झाडाने ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवले असते आणि खालची पाने आधी पिवळी पडली असती. मॅग्नेशियमच्या कमतरतेतही सुरुवात जुन्या पानांपासूनच होते. लोह मात्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजासहजी हलत नाही, म्हणून त्याची टंचाई नेहमी शेंड्यावर दिसते आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. आमच्याकडे चुनखडीच्या रानातील खोडवा उसावर (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसावर) असाच केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी पडतात. अशा रानात लोह नसते असे नाही, मुळांना ते उचलता येत नाही. अनंताला साधारण ५ ते ६.५ सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) असलेली आम्लधर्मी माती मानवते. सामू ७ च्या वर सरकला की मातीतील लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते, आणि मग कितीही गांडूळखत घातले तरी फरक पडत नाही.

आता हा सामू वाढला कशाने, हे पाहू. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. आरओ यंत्र त्यातील काही पाणी गाळून पिण्यासाठी देते आणि अडवलेले क्षार उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर सोडते. याचा अर्थ, तुम्ही बादलीत साठवता ते पाणी मूळच्या पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त आहे. फरशी पुसायला आणि स्वच्छतागृहात ते खुशाल वापरावे. जमिनीतील झाडाच्या मुळाशी साचलेले क्षार पावसाने खोल वाहून जातात, परंतु गॅलरीतील कुंडीवर पाऊस पडत नाही आणि पाणी बेताचेच घातले जाते, म्हणून पाणी उडून जाते व क्षार तेथेच राहतात. काठावरचा पांढरा थर त्याचाच आहे.

दुसरा संशय तळाच्या तुकड्यांवर आहे. त्यांतील एक तुकडा काढून धुवा आणि त्याला चिकटलेल्या सिमेंटवर लिंबू पिळून पाहा. बारीक बुडबुडे आले तर त्यात चुना आहे आणि तो कुंडीत हळूहळू उतरत आहे, असे समजावे. शिवाय तळाशी जाड थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज जुना असला तरी खरा नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहते आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी पुरते.

मळेवाड_कोकण (सावंतवाडी)

कृष्णाकाठ यांचे निदान मला पटते. आमच्याकडे जांभ्याची आम्लधर्मी माती आणि भरपूर पाऊस असल्याने अंगणातील अनंताला लोह वेगळे द्यावे लागत नाही. परंतु कळ्या गळण्याचे कारण केवळ लोह नसावे, असे वाटते.

अनंताला कळी धरण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो आणि पुण्याच्या हिवाळ्यात तो मिळतो. पुढे कळी फुगत असताना रात्री उकाडा वाढला, माती एकदा पूर्ण सुकून पुन्हा चिंब झाली किंवा सहाव्या मजल्यावरचे कोरडे वारे सतत लागले, की झाड कळ्या टाकते. उन्हाळ्यात कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवावी. सकाळचे ऊन मिळावे आणि दुपारचे टळावे. मातीत बोट दोन पेरे खुपसून वरचा भाग सुकलेला जाणवला तरच पाणी द्यावे, पण देताना ते खालच्या भोकातून वाहीपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. कळीच्या देठाशी कापसासारखे पुंजके आहेत का आणि फांदीवर मुंग्यांची रांग आहे का, हेही पाहावे. पिठ्या ढेकूण असेल तर कळ्या टिकणार नाहीत. थोडे पुंजके असल्यास ओल्या कापडाने पुसून काढणे फवारणीपेक्षा सोपे जाते.

गॅलरीतली_बाग (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. तुकड्यावर लिंबू पिळताच खरोखरच फेस आला. आता माती लगेच बदलावी, की पावसाळ्यापर्यंत थांबावे? लोह कोणत्या स्वरूपात द्यावे? आणि आरओचे पाणी बंद केल्यास त्याऐवजी कोणते पाणी वापरता येईल?

कृष्णाकाठ (सांगली)

भर उन्हाळ्यात मुळे उघडी करू नयेत. पहिले एक-दोन पाऊस होऊन हवा दमट झाली की कुंडी बदला. मुळांचा गड्डा बाहेर काढून त्याभोवती गोल फिरलेली मुळे धारदार सुरीने साधारण इंचभर छाटा आणि सिमेंटचे तुकडे टाकून द्या. नव्या मिश्रणासाठी दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग पालापाचोळ्याचे कुजलेले खत, एक भाग लाल माती आणि एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) घ्या. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका, कारण त्यातही क्षार असतात. नुसती लाल माती कुंडीत विटेसारखी घट्ट बसते, म्हणून ती कमीच बरी.

तोपर्यंत कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह (मातीत अडकून बसू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह) आणा, परंतु पाकिटावरची अक्षरे वाचून घ्या. ईडीटीए प्रकारातील लोह सामू साधारण ६.५ च्या वर गेला की मातीत टिकत नाही, म्हणून मातीतून द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकार मागा. तो महाग असतो, परंतु अल्कधर्मी मातीतही काम करतो. एक लिटर पाण्यात साधारण २ ग्रॅम विरघळवून ओलसर मातीत घालावे. पाणी गडद लाल होते आणि फरशीवर डाग पडतो, तेव्हा खाली जुने वर्तमानपत्र अंथरा. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त असते, परंतु अशा मातीत ते लवकर निकामी होते. वापरायचेच असेल तर लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर हलके फवारावे. परिणाम नव्या फुटीवर पाहावा. आधी पिवळी पडलेली सर्वच पाने पूर्ववत हिरवी होतील, असे नाही.

पाण्याबाबत सांगायचे तर, एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, ते साठवा. जून-जुलैत कुंडी थेट पावसात ठेवता आली तर साचलेले क्षार आपोआप धुऊन निघतील. छाटणी करायची असल्यास ती फुले संपल्यावर लगेच करावी. हिवाळ्यात कात्री लावली तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात.

तगरवाले_काका (ठाणे)

ज्यांना इतकी उस्तवार जमणार नाही, त्यांनी बारमाही हिरवेपणासाठी कुंती किंवा तगर लावावी, असे मी सुचवेन. जड पाणी ही दोन्ही झुडपे अनंतापेक्षा अधिक सोसतात, कुंडीत वर्षानुवर्षे राहतात आणि छाटणीने दाट होतात. एक्झोरा मात्र या कारणासाठी घेऊ नये, त्याला लोहाचा तोच त्रास होतो. कुंती लिंबाच्या कुळातील असल्याने लिंबावरील सिला ही कीड तिच्यावरही वाढते, म्हणून गॅलरीत लिंबाची कुंडी असेल तर दोन्ही शेजारी ठेवू नयेत. तगरीची पाने एका रात्रीत फस्त झालेली दिसली, तर फांदीच्या खालच्या बाजूला बोटाएवढी जाड हिरवी अळी शोधावी. तिच्या डोक्याजवळ निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. ती हाताने उचलून दूर ठेवली की औषधाची गरज पडत नाही.