रीलोडिंगच्या पुंगळ्यांचा हिशोब तुम्ही कसा ठेवता?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी इथे ओहायोत तीन वर्षं टार्गेट शूटिंग करतेय. क्लबात २०० यार्डांवर २२३, आणि गेल्या वर्षापासून ६.५ क्रीडमूर (ही रायफलच्या काडतुसांची मापं). काडतुसं घरीच बेसमेंटमध्ये भरते, म्हणजे झाडून रिकाम्या झालेल्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा पावडर आणि गोळी घालते (हेच रीलोडिंग). भरायची भीती कधीच गेली, आता भीती वाटते ती पसाऱ्याची. कुठली पुंगळी दुसऱ्यांदा झाडलेली, कुठली सहाव्यांदा, काही पत्ता लागत नाही.

एक्सेल करून पाहिली, अगदी रंगीत वगैरे. पण लॅपटॉप वरच्या मजल्यावर आणि माझे हात काळे. पंधरा दिवसांत एक्सेल एक सांगायला लागली आणि डबा दुसरंच. मग बुडावर मार्करने ठिपके दिले. वेट टंबलरमध्ये (पुंगळ्या पाण्यात घोळवून धुणारं यंत्र) स्टीलच्या पिनांबरोबर तीन तास फिरून ठिपके स्वच्छ धुऊन निघाले.

त्यात गेल्या शनिवारी नवऱ्याने बेसमेंट 'आवरलं'. २२३ चे तीन वेगवेगळे डबे एकाच बादलीत! म्हणाला, सगळं पितळच तर आहे. मोडीत घालायचं असतं तर खरंच सगळं एकच होतं. १८०० च्या आसपास पुंगळ्या असतील.

तर आता त्या बादलीचं काय करू? आणि पुढे असं होऊ नये म्हणून प्रत्येक पुंगळीवर खूण कशी टिकवायची? जाता जाता, सासूबाई सांगलीहून आल्यात. त्यांनी एवढं पितळ पाहून चिंच लावून घासायची तयारी दाखवलीय. आणि त्यांची पुरणाची चाळणी मी पुंगळ्या कोरड्या घासायचा मक्याचा भुसा चाळायला वापरते हे त्यांना अजून माहीत नाही.

---

वरणगावचा_बाळू

ताई, आधी चाळणी परत करू नका. नवी आणून द्या, ती आता बेसमेंटचीच. झाडलेल्या पुंगळीत प्रायमरची (बुडातली, पिनेच्या ठोक्याने पेटणारी टोपी) जी राख असते तिच्यात शिसं असतं, आणि ड्राय टंबलरच्या भुशात तीच धूळ बसते. पुरण चाळायच्या चाळणीचा आणि तिचा संबंध नको. टंबलर उघडताना तोंडाला मास्क, नंतर हात साबणाने. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नका.

आता मुद्दा. तुम्ही एकेका पुंगळीच्या मागे लागलाय, म्हणून दमलाय. पुंगळी मोजायची नसते, घाणा मोजायचा असतो. एका वेळी घेतलेल्या, एकाच छापाच्या, बरोबरीने झाडलेल्या शंभर पुंगळ्या म्हणजे एक घाणा. त्यांचं सगळं एकत्र: धुणं, साइझिंग (डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापात आणणं), वाढलेली लांबी कापणं, भरणं. घाण्याला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी डब्यात. टंबलरमध्ये पुंगळ्या गेल्या की चिठ्ठी टंबलरच्या झाकणावर चिकटपट्टीने. वाळत घातल्या की चिठ्ठी त्याच टॉवेलवर. पुंगळ्या जिथे, चिठ्ठी तिथे. तुमची एक्सेल याच ठिकाणी मेली, ती वरच्या मजल्यावर राहत होती.

माझ्या क्रीडमूरच्या एका डब्यातली चिठ्ठी जशीच्या तशी देतो. जाड कार्ड, पेन्सिल (शाई तेलाने पसरते):

'घाणा ३. १०० नग. IIII. कापल्या दुसऱ्या रेघेनंतर, १.९१०. मान शेकली चौथीनंतर. आता ९७: एक गवतात, दोन मानेला चिरल्या.'

एक रेघ म्हणजे घाणा एकदा झाडला, १.९१० ही इंचांतली लांबी, आणि मान शेकणं म्हणजे पुंगळीची मान तापवून मऊ करणं. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. शंभराचे सत्त्याण्णव का झाले ते लिहिलेलं असलं की घाण्याची तब्येत कळते. गवतात गेलेली एक म्हणजे माझा आळस. मानेला चिरलेल्या दोन म्हणजे बाकीच्या सत्त्याण्णवांचा निरोप. म्हणून मी चौथ्या रेघेनंतर माना शेकल्या. तसं नुसतं '९७' लिहिलं असतं तर सहा महिन्यांनी काय कळणार होतं?

रेघ कधी मारायची यावर लोक गोंधळतात. भरताना नाही. भरलेला डबा वर्षभर तसाच पडून राहू शकतो. मी मारतो साइझिंगच्या वेळी, प्रेसचं हँडल पहिल्यांदा ओढण्याआधी. पुंगळी त्या डायसमोर आली म्हणजे ती झाडलेली आहेच. शंभरातल्या साठ झाडून घरी आलात तर त्या साठ झिपच्या पिशवीत घालून त्याच डब्यावर ठेवायच्या. उरलेल्या चाळीस झाडून होईपर्यंत साठांना हात लावायचा नाही. यात फार जणांचा धीर सुटतो, माझाही सुटायचा.

बादलीबद्दल: जे कळत नाही ते सगळ्यात म्हातारं धरायचं. तुमच्या तीन डब्यांत सगळ्यात जास्त वेळा झाडलेला डबा सहाचा असेल, तर बादलीतली प्रत्येक पुंगळी सहाची. नव्या पुंगळ्यांचं नुकसान होईल, होऊ द्या. आधी बुडावरचा छाप बघून निवडा, तांदूळ निवडतात तसं ताटात पसरून. सैन्याच्या पुंगळ्यांचा प्रायमर भोवतीने दाबलेला असतो, तो दाब काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, म्हणून त्या वेगळ्या. छाप वेगळे ठेवायला आणखी एक कारण आहे. कंपनीगणिक पितळाची जाडी बदलते, जाडी वाढली की आतली जागा कमी होते, आणि तेवढ्याच पावडरीला दाब जास्त चढतो. ७.६२ च्या लष्करी पुंगळीत आणि बाजारातल्या ३०८ मध्ये (दोन्ही जवळजवळ एकाच मापाच्या) हा फरक चांगलाच असतो. तुमचं २२३ तेवढं हट्टी नाही, पण सवय एकच लावलेली बरी.

मग पेपरक्लिप सरळ करा, टोक जेमतेम मिलिमीटरभर वळवा. पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. बुडाच्या थोडंसं वर टोक अडखळलं की तिथे आतून खाच पडलीय, पुढच्या बाराला ती पुंगळी तिथेच दोन तुकडे होणार. बाहेरून तिथे कधी कधी चकचकीत कडं दिसतं, कधी दिसतही नाही. बोटाला कळतं. उरलेल्यांची लांबी बघा. २२३ ची हद्द १.७६० इंच, मी १.७५० वर कापतो.

चिंच नको. आपलं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आंबटात जास्त वेळ राहिलं तर जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं. तांब्याला चालतं, पुंगळीला नाही. वेट टंबलरमध्ये पाव चमचा लिंबूसत्व पुरे. अमोनिया असलेलं भांड्यांचं पॉलिश तर अजिबात नको. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवायचे, आणि पाऊस सरला की पुंगळ्या तडकलेल्या निघायच्या. वर्षानुवर्षं कुणाला कारण कळेना. १९२१ साली कळलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळात अडकलेला ताण. आमच्या धातुशास्त्राच्या सरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग हसला होता. मी नाही हसलो, वडील वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांच्याच खात्यात होते.

---

डॅलसचा_डॉक्टर

बाळूकाका, मान राखून असहमत. बारा वर्षं २२३ भरतोय, एकदाही मोजलं नाही. प्रायमर ढिला बसला की फेकायची, मान चिरली की फेकायची, पेपरक्लिप अडखळली की फेकायची. पुंगळी स्वतःच सांगते. चिठ्ठ्या लिहिणं म्हणजे पगार नसलेली कारकुनी.

---

वरणगावचा_बाळू

डॉक्टर, पेशंट आडवा झाल्यावर तपासायचा असेल तर तुमचं बरोबर आहे.

चेष्टा सोडा. शंभर यार्डांवर स्टीलच्या पाट्या वाजवायच्या असतील तर नका मोजू, मीही त्या बंदुकीचं मोजत नाही. पण पितळ प्रत्येक बाराला थोडं कडक होतं. दोनदा झाडलेली आणि सातदा झाडलेली पुंगळी गोळीला सारख्या पकडीने धरत नाहीत. सहाशे यार्डांवर ते वरखाली दिसतं, आणि माणूस वाऱ्याला शिव्या देत बसतो. मी दोन सीझन दिल्या.

---

रंकाळ्याकाठी

कोल्हापुरातून वाचतोय. तुमची चैन आहे बाबा. आम्ही २२ मापाच्या छोट्या काडतुसांवाले, आमची पुंगळी एका बाराची धनीण. तिचा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि फायरिंग पिन तोच काठ चेचते, परत भरणार काय? स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं ते याच २२ वर.

पण घाण्याची गोष्ट इथेही तीच. एका लॉटची काडतुसं माझ्या रायफलीला मानवतात, दुसऱ्या लॉटची त्याच कंपनीची, त्याच रंगाच्या डब्यातली, पसरतात. मी डब्याच्या झाकणावर लॉट नंबरखाली ग्रुपचा (भोकं किती जवळजवळ पडली त्याचा) कागद चिकटवतो. बाळूकाकांची चिठ्ठी म्हणजे तेच की.

---

सांगलीकरीण

दोन आठवड्यांनी हिशोब द्यायला आले.

बादलीत १७६४ निघाल्या. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून निवडल्या. चष्मा लावून सासूबाई पण बसल्या (हातमोजे दिले, काका), आणि त्यांचा वेग माझ्या दुप्पट. गव्हातले खडे काढलेला हात. 'ही गोलात फुली असलेली कुठं टाकू?' असं विचारत लष्करी सगळ्या त्यांनीच वेगळ्या केल्या. पेपरक्लिपला अकरा अडखळल्या. त्यातली एक करवतीने उभी कापून बघितली, आत नखाने ओरखडल्यासारखी रेघ होती, आणि तिथे पितळ कागदाएवढं उरलेलं. बाहेरून काहीसुद्धा दिसत नव्हतं. डॉक्टरसाहेब, फोटो हवा असेल तर टाकते.

बाकीच्या सगळ्या 'सहा' धरून दोनदोनशेचे घाणे केले, कॉफीच्या डब्यांत. चिठ्ठ्या पेन्सिलने. नवऱ्याच्या हातची एक चिठ्ठी डब्यांच्या वर भिंतीला आहे: 'आवरू नये'.

एक शंका राहिली. निवडताना एक पुंगळी ७.६२ ची सापडली, रेंजवरून बादलीबरोबर आली असणार. बुडावर ओएफव्ही असा छाप आहे. ही कुठली?

---

वरणगावचा_बाळू

ताई, ती मोडीत टाकू नका. ओएफव्ही म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. छापाशेजारी साल असेल, दोन आकडी. तेवढं बघून सांगा. ८९ च्या आधीचं असेल तर पोस्टाने पाठवा, खर्च माझा.